खंडेनवमीला धुतलेलं मैदान

लाकडी मैदानावर पाणी घालायचं नसतं. एवढी साधी गोष्ट. ती मला माहीत होती, आणि तरीही आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल हॉलचं मैदान चक्क पाइप लावून धुतलं गेलं. फळ्या फुगल्या, आणि ज्या बाईनं ते धुतलं तिची नोकरी जायची वेळ आली. धुवायला कुणी सांगितलं हे दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. तिनं तोंड उघडलं नाही. मी उघडायला आठ दिवस लावले. तेव्हापासून मला एका जागी धड बसवत नाही. चहा घेतला तरी उभ्यानं घेते.

बसवत नाही म्हणजे आधीपासूनच माझं हे असं आहे, ते सोडा. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. माझं गाव रहिमतपूरजवळ, शाळा साताऱ्यात, नोकरी सांगलीत. शनिवार आला की एसटी पकडायची, रविवारी संध्याकाळी परत. शाळेत आम्ही मुरमाच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायचो. एकाच खांबाला रिंग, तिला जाळी नाही. बॉल आत गेला की नाही यावरून रोज भांडणं, आणि भांडणात मी सगळ्यांच्या पुढं. गुडघे कायम सोललेले. आई म्हणायची, "हिला सासर बघताना गुडघे झाकून दाखवा." तर अशा मुलीला एक दिवस विद्यापीठानं क्रीडा शिक्षिका म्हणून घेतलं आणि वर नव्या बंदिस्त हॉलची जबाबदारी दिली. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी दारातच थबकले. मधासारख्या रंगाचं लाकडी मैदान, काचेचे बोर्ड, चोवीस सेकंदांचं लाल आकड्यांचं घड्याळ, भिंतीत सरकवून ठेवता येणारी गॅलरी, चेंजिंग रूममध्ये गरम पाणी. बॉल टाकला की ठण्ण आवाज अख्ख्या हॉलभर फिरायचा. मी एकटीच होते, कुणी बघत नव्हतं. मी खाली बसून त्या फळ्यांवरून हात फिरवला आणि खरं सांगते, मला रडू आलं.

हॉल बघायला खूप लोक यायचे. आमच्याकडची माणसं, दारात आली की चपला काढणार. आम्ही काही बोर्ड लावला नव्हता. परीक्षेचे फॉर्म भरायला मुलींना घेऊन आलेले बाप, मिरजेच्या दवाखान्यातून परत जाताना नातीला भेटायला आलेल्या म्हाताऱ्या, सगळे चपला काढून, पदर सावरून आत डोकवायचे. एकदा एक आजोबा आत आले आणि मधल्या गोलाला नमस्कार करून मगच बाजूला झाले. मला हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

या सगळ्यात मावशी कामाला लागली. ठेकेदाराकडून सफाईची माणसं यायची, त्यातली ती. वय पन्नाशीचं असेल. मिरजेकडच्या एका गावातून रोज पहाटेच्या पहिल्या गाडीनं यायची. नवरा घरी बसून, एक मुलगी सासरी, दुसरी कॉलेजला. पहिल्या दिवशीच मी तिला उभं करून सांगितलं, "मावशी, हे नीट ऐका. इथं पाणी नाही. फक्त कोरडा मॉप. घामाचे थेंब पडले तर फडक्यानं टिपायचे. पाणी म्हणून काही आत आणायचंच नाही." आवाज माझा नेहमीप्रमाणे चढलेला. ती म्हणाली, "व्हय म्याडम, कळलं." आणि सात महिने तिनं ते पाळलं. नुसतं पाळलं नाही, हॉल तिनं आपला मानला. कुणी बूट घालून आत शिरलं की ती मॉप आडवा धरायची. "आवं, थांबा! देवळात असंच जाता व्हय?" एकदा तर खुद्द संचालक सरांना तिनं दारात अडवलं. सर हसले, बूट काढले आणि मोजे घालून आत आले. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मुलींची आणि तिची गट्टी होती. कुणाचा पाय मुरगळला की मलम घेऊन ती माझ्या आधी पोचायची.

आता खंडेनवमीचं सांगते.

त्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले होते. आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे मोठं प्रकरण. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं पूजा शिस्तीत. घरातलं जेवढं लोखंड, तेवढं सगळं धुऊन पुसून पूजेला आलंच पाहिजे. विळे, खुरपी, पाण्याची मोटर, भावाचा ट्रॅक्टर, वडिलांची फौजेतली पेटी, माझी स्कूटी, एवढंच काय आईची गिरणीसुद्धा. सकाळपासून अंगणात नुसता चिखल. भाऊ ट्रॅक्टरवर चढून पाइप मारतोय, मी खाली चाकं घासतेय, वडील ओरडतायत, "मागचं चाक राहिलं गं!" आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला.

ओल्या हातानं मोबाइल कानाला लावला. ती म्हणाली, आज हॉलची पूजा करायची ना, वॉचमन नारळ घेऊन आलाय, तर मग कसं करू. मी म्हणाले, "करा की. पूजा म्हटल्यावर सगळं धुऊन पुसून घ्या आधी." ती पुढं आणखी काहीतरी बोलत होती. मला घाई होती. मी म्हणाले, "हो हो मावशी, सगळं. लख्ख करा." आणि मोबाइल खिशात टाकून परत चाकाला लागले.

एवढंच. मिनिटभराचा फोन.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्याला जोडून रविवार. सोमवारी सकाळी मी हॉलचं कुलूप काढलं तर दाराला झेंडूचं तोरण, आत उदबत्तीचा वास. बॉलच्या रॅकला हळदीकुंकू, एकेका बॉलवर कुंकवाचं बोट. स्कोअरबोर्डच्या रिमोटलासुद्धा फूल वाहिलेलं. मला इतकं बरं वाटलं! आणि मग मी मैदानावर पाय टाकला. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. मधल्या गोलाच्या आसपास फळ्यांच्या कडा वर आलेल्या, तळहात फिरवला तर पन्हळी पत्र्यासारखं लागत होतं. एका ठिकाणी तर बोटभर फुगवटा. मी बॉल टाकला. ठण्ण झालंच नाही. भद्द असा आवाज आला आणि बॉल भलतीकडंच गेला.

मावशी मागून आली. तोंड उजळलेलं. "कसं झालंय म्याडम? चेंजिंग रूममधनं पाइप वडला. दोन तास धुतलं. वॉचमनभाऊनी बी हात लावला." मग तिनं माझं तोंड बघितलं आणि खाली बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की काय सांगू. ती खाली बसून हातानं त्या फळ्या दाबायला लागली, जणू दाबल्या की खाली बसतील. मी किंचाळले, "मावशी, पाणी घातलं? इथं पाणी घातलं?" ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाही कळला होता. मी नजर चुकवली, हे कबूल करते.

दोन आठवड्यांवर आमच्याकडं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. मुली आल्या, मैदान बघितलं, दोघी रडल्या, एक भिंतीला लाथ मारून गेली. पुण्याहून माणूस आला, त्यानं ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं, मान हलवली, म्हणाला मधलं सगळं उचलावं लागेल. स्पर्धा बाहेरच्या सिमेंटच्या मैदानावर घ्यायचं ठरलं. सगळीकडं एकच विषय, हे केलं कुणी?

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, संचालक सरांच्या केबिनमध्ये बैठक. सर, ठेकेदार, मी, आणि दाराशी उभी मावशी. बस म्हटलं तरी बसली नाही. सरांनी विचारलं, "मावशी, पाणी घालायचं नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"हुतं."

"मग का घातलं?"

मावशी एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "खंडेनवमी हुती सर. पूजा हुती. चूक झाली."

"कुणी सांगितलं होतं धुवायला?"

आता बोल, मी मनात म्हटलं. स्वतःलाच. आता.  मी! सगळ्या विद्यापीठात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही अशी मी! कॅन्टीनमध्ये भजी गार आली तर आचाऱ्याला बाहेर बोलावणारी मी. तिथं मी टेबलावरच्या फायली बघत राहिले. मावशी म्हणाली, "कुणी न्हाई." ठेकेदारानं सुस्कारा सोडला. सर म्हणाले, आठवड्याभरात चौकशी संपवू, तोवर यांना हॉलच्या कामावर ठेवू नका. मी मूग गिळून बसले.

बाहेर आले आणि माझं गणित सुरू झालं. मी काय म्हणाले होते? धुऊन पुसून घ्या. मैदान धुवा असं म्हणाले होते का? नाही. बॉल, रॅक, खुर्च्या, बोर्ड, हे सगळं असतं की हॉलमध्ये. पहिल्या दिवशी मी बजावलं होतं की पाणी नाही. मग तिला कळायला नको? सात महिने काम करतेय बाई! असं मी स्वतःला समजावायची आणि पाच मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा तेच गणित. शेवटी तर मी मावशीवरच चिडायला लागले. हिनं माझं नाव का घेतलं नाही? घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं. भांडणात मी कधी हरत नाही. ही बाई गप्प बसून मला मारतेय, असं वाटायचं. बघा, माणूस किती खालच्या थराला जातं.

त्या आठवड्यात मी कुणाकुणावर ओरडले याचा हिशेब नाही. मुलींना सिमेंटवर इतकं पळवलं की कॅप्टन म्हणाली, "मॅडम, आमचा काय दोष?" मी म्हणाले, "तुमचा नाही गं," आणि शिट्टी तिच्या हातात देऊन निघून गेले. दुपारी हॉलमध्ये जायची, उचललेल्या फळ्या बघायची, परत यायची. मावशीच्या जागी एक नवीन बाई आली होती. ती मॉप जमिनीवर आपटून झाडायची. तिच्यावरही ओरडले. दोनदा मावशीचा नंबर काढला आणि दोन्हीदा मोबाइल ठेवून दिला. वॉचमन म्हणाला, "म्याडम, मावशीच्या पोरीची फी भरायची हाय, आन् हे असं झालं. लय वंगाळ झालं." तो मला दोष देत नव्हता, त्याला फोनचं काही माहीतच नव्हतं. तरी मी त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा गेटवर निघून गेला.

शनिवारी गावी गेले. वडील अंगणात बसून हरभरा निवडत होते. कसं काय चाललंय म्हणाले आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. वडील हरभरा निवडत राहिले. शेवटी मी म्हणाले, "पण अण्णा, मी मैदान धुवा असं काही म्हणाले नव्हते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तू हुकूम दिलास का न्हाई?"

"दिला. पण..."

"पण-बिण काय न्हाई. आमच्यात हुकूम देणाऱ्यानं पुढं यायचं असतं. जवानाला पुढं ढकलून आपण मागं उभं ऱ्हायचं, हे तू कुणाकडनं शिकलीस? माझ्याकडनं न्हाई."

मला लहानपणी सुद्धा ते असं बोलले नव्हते. मी उठून आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं. आई म्हणाली जेवून घे, मी म्हणाले भूक नाही. भूक होती. तशीच शनिवारीच निघाले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण म्हटलं रविवारी कार्यालय बंद, सोमवारी जाऊ. रविवारभर अंगणात फेऱ्या मारत राहिले.

सोमवारी सर आले त्याच्या आधी मी त्यांच्या केबिनबाहेर उभी होते. आत गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "सर, मैदान धुवायला मी सांगितलं होतं. फोनवर. मावशीची काही चूक नाही. जे काही करायचं ते माझ्यावर करा." आणि काय सांगू, एकदम हलकं वाटलं. छाती भरून श्वास आला. मला वाटलं, झालं, सुटले.

 सरांनी फाइल उघडली आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. मावशीचा जबाब. ठेकेदाराच्या माणसानं लिहिलेला, खाली तिची वाकडीतिकडी सही. मला पाणी न घालण्याची सूचना होती. मी ती विसरले. मला कोणीही धुण्यास सांगितले नाही. सही शनिवारची.

"हे खोटं आहे सर."

सरांनी बेल वाजवली. मावशी त्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसात कसलेसे कागद द्यायला आली होती, तिला बोलावणं गेलं. ती आली. आठ दिवसांत वाळल्यासारखी दिसत होती. सरांनी विचारलं, "मावशी, मॅडम म्हणतायत त्यांनी तुम्हाला मैदान धुवायला सांगितलं. खरं आहे?"

मी तिच्याकडं बघून जोरजोरात मान हलवत होते. सांग, सांग!

मावशी सरांकडे बघून शांतपणे म्हणाली, "न्हाई सर. म्याडमची माया हाय माझ्यावर. मला वाचवाय बगत्यात."

सर हसले. खरंच हसले, कौतुकानं. "मॅडम, तुमचं मन मोठं आहे. आजकाल कोण कुणासाठी असं पुढं येतं? पण कागदावर सही झालीय. आता हे वाढवू नका." मी काहीतरी बोलायला गेले. फोनची यादी दाखवते म्हणाले, मोबाइल काढला. सर म्हणाले, "फोन झाला असेल हो. काय बोललात ते थोडंच त्यात दिसतंय?" आणि उठून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्यानं मला जे वाटलं ते थोबाडीत मारल्यावरही वाटलं नसतं.

बाहेर जिन्यापाशी मी मावशीला गाठलं. तिचा दंड धरला. "असं का केलंत? मी खरं सांगत होते ना!"

तिनं दंड सोडवून घेतला. पहिल्यांदाच मला तिच्या आवाजात धार ऐकू आली. "आवं म्याडम, आठ दिस कुठं हुता? मंगळवारी मी दारात हुबी हुते, तुमी खुर्चीवर हुता. तवा का न्हाई बोलला? शनवारी ठेकेदार म्हणला, गप सही कर, मिरजेला दवाखान्यात काम देतो. न्हाईतर कुठंच न्हाई. केली सही. आता तुमी खरं बोललात की मी खोटी पडती. हे बी काम जातंय."

मी म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तुम्ही फरशीवर... मैदानावर पाणी घालाल म्हणून. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना मी?"

का म्हणाले? तेवढं अजूनही मला कळत नाही. माफी मागायची होती आणि तोंडातून हे निघालं.

मावशी दोन पायऱ्या उतरली होती. ती थांबली. चिडलेली नव्हती आता. दमलेली होती.

"सांगितलं हुतं. म्हणून तर फोन केला. पूजा करायला मला कशाला फोन लागतोय? जल्मभर करत आली. मी इचारलं, म्याडम, मैदानाला पाणी न्हाई म्हणला हुता, मग आज कसं करू? तुमी म्हणला, सगळं धुवून घ्या. मी परत इचारलं, मैदान बी? तुमी म्हणला, हो हो, सगळं."

खालून कुणीतरी तिला हाक मारली. ती पदर खोचून उतरून गेली. मी कठड्याला धरून उभी राहिले. मागून सर बाहेर आले आणि मला बघून कुणाला तरी म्हणाले, "बघा, अजून त्या बाईसाठी रडतायत."